देवाजीचा गुरुवार

मी तीस वर्षं लोकांना पाणी पिऊ नका म्हणून सांगितलं, आणि तेही चंद्रपुरात. मे महिन्यात इथे सकाळी दहानंतर कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही, आणि मी समोरच्या माणसाला बजावायची, दिवसभरात एवढंच, याच्यावर एक घोट नाही. माझ्या सासूबाईंना माझ्या नोकरीचं कौतुक होतं, पण हे काही पटायचं नाही. तान्हेल्या माणसाच्या तोंडचं पाणी काढून घेणारी नोकरी कोणी करते का, असं त्या शेजारणींसमोरच विचारायच्या. मी हसून न्यायची, कारण उत्तर द्यायला बसलं तर मूत्रपिंडापासून सुरुवात करावी लागली असती.

तुमच्यासाठी ती करते. मूत्रपिंडं बंद पडली की लघवी कमी होते, कधी पूर्ण थांबते. पण माणूस खातो-पितो पूर्वीएवढंच. आत गेलेलं पाणी बाहेर पडायला वाट नाही, म्हणून ते अंगात साठतं. आधी पाय सुजतात, मग चेहरा, आणि शेवटी पाणी फुफ्फुसात उतरतं. मग माणूस आडवा होऊ शकत नाही, बसून बसून श्वास ओढतो. डायलिसिसचं मशीन रक्त धुतं आणि हे साठलेलं पाणीही काढतं. आमच्या भाषेत पाणी खरवडून काढल्यावर जे वजन उरतं ते कोरडं वजन. पुढच्या वेळी पेशंट काट्यावर उभा राहिला की कोरड्या वजनाच्या वर जेवढे किलो, तेवढं पाणी तो घेऊन आला. दोन किलो असेल तर मी खूश. चार असेल तर माझा आवाज बाहेरच्या रस्त्यावर जायचा.

ही ऐंशीच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. तेव्हाचं मशीन आजच्यासारखं शहाणं नव्हतं. किती पाणी ओढायचं ते आम्हीच वजन बघून ठरवायचो आणि दाबाची चकती हाताने फिरवायचो. चार तासांत चार-पाच लिटर ओढायला गेलं की पेशंटच्या पायात गोळे येत, बीपी धाडकन खाली जाई, डोळे फिरत. कमी ओढलं तर तो श्वासासाठी तडफडे. म्हणून सगळी मदार पेशंटने घरी काय केलं यावर. आठवड्यातले आठ तास तो माझ्या ताब्यात, बाकीचा सगळा वेळ तहानेच्या.

दवाखान्याचं नाव सांगत नाही. डॉक्टरसाहेब, आम्ही दोघी सिस्टर आणि एक मशीन, एवढा आमचा कारभार. रोज दोन पाळ्या, प्रत्येकाला आठवड्यातून दोन दिवस, म्हणजे सहा पेशंट. सातव्याला जागा नाही. बाहेर थांबलेल्यांची यादी डॉक्टरांच्या टेबलाच्या काचेखाली असायची, आणि त्या यादीतलं नाव खोडलं जायचं ते बहुतेक वेळा जागा मिळाली म्हणून नव्हे.

पेशंट आला की पहिल्या दिवशी मी त्याला सलाईनची रिकामी काचेची बाटली धुऊन द्यायची. तिच्यावर चिकटपट्टीच्या खुणा केलेल्या. सकाळी ही भरून ठेवा, दिवसभराचं पाणी यातलंच, गोळ्या घेताना लागेल तेही यातलंच. चहा घेतला तर तेवढं यातून फेकून द्या. मग मी कागद घेऊन विचारायची: पाणी किती पिता, चहा किती, दूध-ताक किती, दारू किती. कागद मीच तयार केला होता आणि त्याचा मला भारी अभिमान होता.

त्या कागदाची पहिली फजिती घुग्घुसच्या नामदेवभाऊंनी केली. खाणीतला माणूस, अंगाने दांडगा, तोंडाने त्याहून दांडगा. बाटली इमानदारीने दाखवायचा आणि वजन दर वेळी चार किलो वर. खोदून खोदून विचारलं तर एकच उत्तर, पाणी पेलो नाई बाई. शेवटी त्याच्याच बायकोने सांगितलं, खाणीतली पाळी सुटली की हे गोळेवाल्याच्या गाडीजवळ उभे राहतात आणि चार-चार बर्फाचे गोळे चोखतात. मी जाब विचारला तर म्हणाला, "गोळा तं खातेत ना बाई. पेते कोन?" आमची दुसरी सिस्टर हसून खाली बसली. मलाही हसू आवरलं नाही, आणि त्या हसण्यात तो सुटला. पुढेही तो असाच सुटत राहिला, कधी टरबूज, कधी उसाचा रस. पण त्या दिवसापासून माझ्या मनात एक गाठ बसली, की पाणी पेलो नाई असं जो म्हणतो त्याने ते खाल्लेलं असतं, आणि त्याला ते पक्कं माहीत असतं.

देवाजी मडावी आला तो त्यानंतरच्या हिवाळ्यात. भामरागडच्या पलीकडच्या गावचा, जंगल खात्यात वॉचर. उंच नव्हता, पण जंगलात चालून चालून पाय असे घट्ट की सूज आलेली बोटाने दाबूनच कळायची. चाळिशीच्या आतला असावा, स्वतःला नक्की वय ठाऊक नव्हतं. गावाकडून आठवड्यातून दोनदा येणं शक्यच नव्हतं, म्हणून खात्याने त्याची बदली चंद्रपूरच्या लाकूड डेपोवर केली आणि तो बहिणीकडे राहू लागला. सोमवार आणि गुरुवार, दुपारची पाळी.

बोलणं कमी. मराठी येत होती, पण प्रत्येक प्रश्न नीट ऐकून घ्यायचा, मनात फिरवायचा आणि तेवढ्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचा. मी बाटली दिली तेव्हा त्याने एकच विचारलं, दिवस म्हणजे कोंबड्यापासून कोंबड्यापर्यंत का. मी हो म्हटलं. त्यानंतर पाच महिने तो कधी दोन किलोच्या वर गेला नाही. बाटली परत आणायचा तेव्हा तळाशी पाणी उरलेलं असायचं. मी नामदेवभाऊंना ती बाटली दाखवून टोमणे मारायची आणि देवाजी मान खाली घालून बसायचा.

मग जून जवळ आला. पावसाळ्यात भामरागडचा रस्ता बंद होणार, मग चार महिने जाणं-येणं नाही, म्हणून त्याची बायको सोमी आधीच गावाहून आली. दोघांनी डेपोमागे वेगळी खोली घेतली. आणि देवाजीचं वजन वाढायला लागलं.

आधी तीन किलो. मी म्हटलं, असेल एखाद्या वेळी. मग पावणेचार. मग चार. मग सव्वाचार. बाटलीत मात्र पूर्वीपेक्षाही जास्त पाणी शिल्लक. मला वाटलं, हा तर नामदेवभाऊंच्या वरताण निघाला. तो निदान बाटली रिकामी आणतो, हा मला पुरावा म्हणून भरलेली दाखवतो. मी त्याला विचारलं, चहा? एक कप. ताक? नाही. दारू? सोडली. गोळा खाता का, टरबूज खाता का? नाही. पाणी किती? तो म्हणाला, "बाटलीतलंच, बाई. तेही पुरं नाई पेत."

मी सगळ्यांसमोर त्याला नाही नाही ते बोलले. माझी जीभ तेव्हा फार चालायची. जंगलात राहणारी माणसं खोटं बोलत नाहीत असं ऐकलं होतं, ते शहरात आल्यावर शिकतात वाटतं, असंही बोलले. तो ऐकत राहिला. सोमी दारात उभी होती. तिला मराठी फारसं कळत नव्हतं, पण नवऱ्याला कोणी रागावतंय हे कळायला भाषा लागत नाही.

आमच्याकडे नियम होता. तीन वेळा साडेतीन किलोच्या वर गेलं आणि पेशंट ऐकत नसेल, तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. कठोर वाटेल, पण एका मशीनवर दुसरं काय करणार? यादीत पुढे एक मास्तरीणबाई होत्या, मूल गावाजवळच्या एका शाळेतल्या. नागपूरला कशीबशी आठवड्यातून एका दिवसाची जागा मिळाली होती आणि एका दिवसावर त्यांचं भागत नव्हतं. त्यांना लघवी अजिबात होत नसे, चेहरा सुजून डोळे बारीक झालेले. त्यांच्या यजमानांनी डॉक्टरांचा उंबरठा झिजवला होता.

डॉक्टरसाहेबांनी मला आत बोलावलं. नियमात शेवटचा शब्द आकड्याचा नव्हता, सिस्टरचा होता. त्यांनी विचारलं, सिस्टर, हा माणूस ऐकत नाही की त्याला जमत नाही? मी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, ऐकत नाही, आणि खोटं बोलतो. ते म्हणाले, तसं लिहा. मी देवाजीच्या कागदावर लिहिलं: सूचना पाळत नाही, खोटी माहिती देतो. खाली सही केली. डॉक्टरांनी मास्तरीणबाईंना निरोप धाडला की पुढच्या सोमवारपासून दोन्ही दिवस तुमचे. देवाजीला गुरुवारच्या पाळीनंतर सांगायचं ठरलं.

तो गुरुवार आला. देवाजी ठरल्या वेळेच्या बराच आधी आला, कारण त्याला घरी पडवत नव्हतं. काट्यावर पाच किलो. पायऱ्या चढताना दोनदा थांबला, एक शब्द आणि एक श्वास असं बोलत होता. मशीनवर सकाळच्या पाळीचा पेशंट होता, त्याचा अजून पाऊण तास बाकी. मी देवाजीला व्हरांड्यात बाकावर बसवलं आणि ऑक्सिजनचा सिलिंडर बाहेर काढायला आत गेले. मनात रागच होता. पाच किलो आणून बसलाय आणि आता निस्तरायचं मी.

सिलिंडर ढकलत बाहेर आले तर सोमी त्याच्यासमोर उकिडवी बसली होती. हातात पळसाच्या पानाचा द्रोण, शेजारी झाकणाचं जर्मनचं भांडं. ती द्रोण त्याच्या ओठाला लावत होती आणि तो मानेने नको म्हणत होता. ती काहीतरी गोंडीत समजावत होती, आईने लेकराला समजवावं तसं. मी तो द्रोण हिसकूनच घेतला. आत पांढुरकं, पातळ, तांदळाच्या कण्या तरंगणारं पाणी.

"हे काय आहे?"

"जावा," सोमी म्हणाली.

भांड्यात अजून शेर-दीड शेर होता. तांदळाच्या कण्या भरपूर पाण्यात शिजवून केलेली पेज. मी विचारलं, हे रोज देता? देवाजीनेच उत्तर दिलं, श्वास जुळवत जुळवत. सकाळी दोन द्रोण, दुपारी दोन, दिवस मावळताना एक. नवरा पाणी पीत नाही, वाळून चाललाय, म्हणून सोमी आल्यापासून जावा जास्त पातळ करून घालत होती. आणि जावा पोटात असला की तहान लागत नाही, म्हणून बाटलीतलं पाणी उरत होतं.

मी म्हटलं, अहो, हे पाणी आहे. मला का नाही सांगितलं?

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचं काहीच नव्हतं. तो म्हणाला, "जावा जेवन होय, बाई. तुमी इचारलं, काय पेता. जेवता काय, हे तुमी इचारलंच नाई."

मी द्रोण खाली ठेवला. आमच्या भद्रावतीच्या घरी उन्हाळ्यात कधीमधी आंबील व्हायची, हौसेची. पातळ पेज हेच कोणाचं तिन्ही वेळचं जेवण असू शकतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या कागदाला माहीत नव्हतं. नामदेवभाऊंनी शब्दाचा खेळ केला होता, म्हणून मी धरून चालले की हाही खेळच करतो आहे. त्या बिचाऱ्याने विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं होतं, प्रत्येक वेळी.

पश्चात्ताप करायला वेळ नव्हता. सकाळच्या पेशंटला पंधरा मिनिटं आधी उतरवलं आणि देवाजीला बसत्या अवस्थेतच मशीनवर घेतलं. पाच किलो एका दमात ओढणं म्हणजे जीवाशी खेळ, आणि न ओढणं म्हणजेही तेच. मी स्टूल घेऊन बसले, एक हात चकतीवर आणि एक त्याच्या नाडीवर. पहिल्या तासात श्वास थोडा मोकळा झाला. दुसऱ्या तासात त्याच्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या, तो दात आवळून बसला. मग जांभई दिली. डायलिसिसच्या खोलीत जांभई आली की आम्ही उडी मारून उठतो, बीपी पडण्याची ती पहिली खूण असते. बीपी साठावर आलं. मी दाब बंद केला, पाय उंच केले, जे पाणी काढायला बसले होते तेच पावशेरभर, सलाईन म्हणून, परत आत सोडलं. डॉक्टरसाहेब धावत आले. देवाजीचे डोळे वर गेलेले. मी त्याच्या गालावर चापट्या मारत नावाने हाका मारत होते, आणि दाराबाहेर सोमी एकाच सुरात काहीतरी पुटपुटत होती.

दहा मिनिटांनी त्याने डोळे उघडले. मग आम्ही घाई केली नाही. चाराचे सहा तास केले आणि थेंबाथेंबाने साडेतीन किलो काढलं. उतरला तेव्हा तो एका श्वासात पूर्ण वाक्य बोलू शकत होता. तो पहिलं वाक्य बोलला ते हे: "बाई, मी खोटा हाओ असं कागदावर लिहलं म्हंतेत. ते खोडता येते काय?"

त्याला कोणी सांगितलं मला माहीत नाही. दवाखान्यात भिंतींना कान असतात. मी त्याच्यासमोर ती ओळ खोडली, बाजूला पुन्हा सही केली आणि त्याची माफी मागितली. त्याने मान हलवली. त्याला माफीपेक्षा ती खोडलेली ओळ नीट बघायची होती.

मग डॉक्टरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी काचेखालची यादी बघितली. मग म्हणाले, "सिस्टर, मास्तरीणबाईंना मी शब्द दिलाय. त्या माणसाला काढायचं नाही हे ठरलं. पण मशीन एकच आहे." त्यांनी तोडगा काढला. मास्तरीणबाईंचा नागपूरचा एक दिवस चालू राहू दे, आपण त्यांना इथे एक दिवस द्यायचा. म्हणजे आपल्या सहांपैकी कोणीतरी एक दिवस सोडायचा. सात दिवस मशीनशिवाय काढू शकेल असा कोण आहे?

उत्तर मला माहीत होतं. ज्याला थोडीफार लघवी होते, आणि जो सांगितलेलं तंतोतंत पाळतो, असा एकच. नामदेवभाऊंचा एक दिवस काढला असता तर ते आठवड्याच्या आत बुडाले असते. ज्याने ऐकलं नाही त्याचे दोन्ही दिवस शाबूत, आणि ज्याने ऐकलं त्याचा एक जाणार. काही दिवसांपूर्वी खोटा म्हणून ज्याचं नाव मी घेतलं होतं, तेच नाव मी पुन्हा घेतलं, या वेळी सगळ्यात खरा म्हणून. दोन्ही वेळा नुकसान त्याचंच झालं.

देवाजीचा गुरुवार मास्तरीणबाईंना गेला. मी सोमीला समोर बसवून जावा घट्ट करायला शिकवलं, चमच्याने उचलला तर खाली गळणार नाही असा, आणि द्रोण मापून दिले. तिने शिकून घेतलं, पण मला वाटतं तिने मला कधी माफ केलं नाही.

असा एका सोमवारावर देवाजी पुढे अकरा महिने जगला. नंतरच्या उन्हाळ्यात चार दिवसांसाठी गावी गेला, तिथे तापाने गेला, पाण्याने नाही. मास्तरीणबाई त्यानंतरही काही वर्षं होत्या. पण माझ्या मनात राहिला आहे तो पहिला गुरुवार चुकल्यानंतरचा सोमवार.

सात दिवसांनी तो आला. मी दारातच उभी होते, श्वास कसा आहे ते बघायला. तो पायऱ्या न थांबता चढला, चपला काढल्या, काट्यावर उभा राहिला. दोन किलो सातशे. आत डॉक्टर खूश झाले, बघा, तग धरतो तो. मी खूश झाले नाही. डॉक्टर मला म्हणाले होते, सात दिवस झेपले नाहीत, चार-साडेचार किलो आलं, तर त्याचा दुसरा दिवस परत द्यावा लागेल, मग मास्तरीणबाईंचं काय ते बघू. अडीच-तीनवर तो कायमचा एका दिवसाचा पेशंट होणार होता, आणि एका दिवसावर माणूस किती टिकतो हे मी पाहिलेलं होतं.

सुई टोचायला बसले तेव्हा खोलीत आम्ही दोघंच होतो. मी आवाज खाली केला आणि तीस वर्षांच्या नोकरीत कोणालाही न सांगितलेली गोष्ट त्याला सांगितली. म्हटलं, देवाजीभाऊ, या आठवड्यात जावा पहिल्यासारखा पातळ घ्या. वजन वाढू द्या. तुमचा गुरुवार परत मिळेल.

त्याने नेहमीप्रमाणे ते नीट ऐकून घेतलं, मनात फिरवलं. मग विचारलं, "मंग मास्तरीनबाई कुठी जाईन?"

मी सुई टोचली आणि मशीन सुरू केलं. पुढच्या सोमवारी मी काट्याकडे न बघता त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्यानेच खाली वाकून आकडा वाचला आणि मला सांगितला, लिहून घ्यायला.

"अडीच, बाई."